रेवसची बोट आणि घरचें पंचांग

यवतमाळ जिल्ह्यांतील लोहारा गांवीं देवघराच्या कोनाड्यांत जें पंचांग असतें, तें एकादशी, चतुर्थी आणि लग्नमुहूर्त पाहण्याच्या कामीं येतें. समुद्र तेथून शेंकडों मैल दूर. परंतु त्याच गांवचें एखादें कुटुंब धामणगांवास आगगाडींत बसून मुंबईस उतरलें आणि पुढें अलिबागेस जाण्यासाठीं भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचची चौकशी करूं लागलें, तर तेंच पंचांग त्याच्या उपयोगीं पडेल. कारण ही वाहतूक जितकी घड्याळावर, तितकीच तिथीवर अवलंबून असते.

भाऊ अजिंक्य या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकांत बांधलेल्या धक्क्यावरून हें नांव मुंबईकरांच्या तोंडीं बसलें. येथून मुंबईचें बंदर आडवें ओलांडलें म्हणजे धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं रेवस लागतें. पनवेल-पेणच्या जुन्या रस्त्यानें अलिबागेस जावयाचें तर शंभर किलोमीटरांच्या आसपास वळसा पडतो. लाँच तास-सव्वातासांत पैलतीरीं नेते. मात्र रेवसच्या धक्क्यापाशीं गाळ फार सांचतो. पाणी ओसरलें कीं लाँचला तेथवर पोहोंचणें कठीण होतें, आणि समोर धक्का दिसत असूनहि उतारूंना पाण्यांत ताटकळावें लागतें.

यासाठीं भरतीची वेळ आधीं ठाऊक हवी. चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित् अधिक उशिरां डोक्यावर येतो, आणि भरतीहि रोज तितकीच मागें पडते. या अनुभवावरून कोळ्यांनीं एक सोपा हिशेब बसविला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. शाळेंत पाऊणकी घोकण्याचा कंटाळा केलेल्या मंडळींस येथें थोडा पश्चात्ताप होईल! पूर्ण भरतीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी, आणि तितक्याच वेळानें पुन्हां भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते, तेव्हां उधाण येतें. मुंबईस अशा वेळीं पाण्याची चढउतार १२ ते १५ फूट होते. अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर ओसरतो, त्यास भांग म्हणतात. हा हिशेब अर्थात् ढोबळ आहे. त्यांत अर्धापाऊण तासाची चूक सहज पडते, म्हणून शेवटचा शब्द तांडेलाचा मानावा.

भरती अशी आधीं मोजतां येते. बोटींतील माणसांचें वजन ऐन वेळीं कोणीकडे झुकेल, हें मात्र कोणत्याच पंचांगांत सांपडत नाहीं. आणि या मार्गावरील सर्वांत मोठा अनर्थ त्यानेंच ओढवला. १७ जुलै १९४७ रोजीं आषाढी अमावास्येसाठीं गांवीं निघालेल्या उतारूंनीं भरलेली ‘रामदास’ आगबोट सकाळीं आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून सुटली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनीं ती कलली, भयभीत उतारू एका बाजूस लोटले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईसारख्या शहरास आपल्या दारांतल्या या आकांताची कित्येक तास वार्ता नव्हती. एक लहान मुलगा तरंगत गेटवेपाशीं पोहोंचला, तेव्हां लोकांस कळलें. जे वांचले त्यांपैकीं पुष्कळांना रेवसकडील कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें होतें.

बोट कलली म्हणजे बुडालीच असें नव्हे. कललेल्या बाजूचा अधिक भाग पाण्यांत शिरतो, त्या बाजूस पाण्याचा वर ढकलणारा जोरहि सरकतो, आणि तोच बोटीस पुन्हां सरळ करतो. परंतु त्याच क्षणीं माणसेंहि त्या बाजूस धांवलीं, तर वजनाचा मध्य त्यांच्याबरोबर सरकतो आणि सांवरणारा जोर अपुरा पडतो. पाण्यानें भरलेली परात उचलून नेणाऱ्या गृहिणीस हें सांगावयास नको; परात जरा तिरपी झाली कीं सारें पाणी खालच्या कडेस धांवतें आणि हात सांवरत नाहीं. शिवाय माणसें उभीं राहिलीं कीं तो मध्य उंच चढतो. ‘जागेवर बसून राहा’ ही खलाशांची ओरड कित्येक उतारूंस उद्धटपणाची वाटते. तिचें कारण हें आहे.

आगबोटींचा तो काळ आतां गेला. गेटवेवरून मांडव्यास लाँच व कॅटामरान जातात, त्या पावसाळ्यांत बंद असतात. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसुद्धां नेणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु खुला झाल्यावर रस्त्याचा वळसाहि घटला. तरी पाण्याचा धोका सरला असें समजूं नये. डिसेंबर २०२४ मध्यें याच बंदरांत घारापुरीकडे जाणाऱ्या उतारू-बोटीस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून माणसें दगावलीं. तरंगतें जाकीट बांकाखालीं ठेवण्याची वस्तु नव्हे. बोट सुटण्यापूर्वींच तें अंगांत घालावें आणि मुलांचे बंद वडील माणसांनीं बांधावे.

लोहाऱ्याच्या कुटुंबास दिवस निवडण्याची मोकळीक असेल, तर हिंवाळ्यांतील त्रयोदशी बरी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळच्या लाँचला रेवसास भरपूर पाणी मिळेल. तेथून एस. टी. नें अलिबाग गांठून जेवण उरकेपर्यंत ओहोटी लागते, आणि चारच्या सुमारास समुद्रांतील कुलाबा किल्ल्यावर पायीं जातां येतें. परत मात्र पाणी चढण्याच्या आंत निघावें; नाहीं तर होडी शोधावी लागेल.