जुन्या मिनी ट्रॅक्टरला तीन मीटर बसवा, इंजिनचा मोठा खर्च टाळा

द्राक्षबागेतली फवारणी असो की उसातली आंतरमशागत, जुना मिनी ट्रॅक्टर अजून अनेकांच्या दारात आहे. पण मीटर बोर्डवरचे काटे बंद पडलेले असतात. ऑइलचा दिवा चालू असला, तरी तो प्रेशर फारच खाली गेल्यावर लागतो. काटा मात्र आधीच सावध करतो.

ऑइल प्रेशर मीटर : दिव्याचा स्विच काढून तिथे टी जोड लावा, म्हणजे दिवाही चालू राहील. आट्याचं माप जुळलंच पाहिजे. रेस देऊनही काटा वर येत नसेल, तर इंजिन लगेच बंद करा.

टेंपरेचर मीटर : पाण्यावर थंड होणारं इंजिन साधारण ८० ते ९५ अंशांवर चालतं. काटा चढू लागला तर रेडिएटरच्या जाळीतला कचरा आणि फॅन बेल्ट बघा. गरम असताना झाकण उघडू नका. एक लक्षात ठेवा, पाणी पूर्ण संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगू शकतो. म्हणून रोज सकाळी पाणी आणि ऑइल बघायचंच.

व्होल्ट मीटर : १२ व्होल्टची बॅटरी असेल, तर इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. कमी दिसलं तर चार्जिंग तपासा.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि नव्या वायरला फ्यूज लावा. पहिला आठवडाभर काट्यांचे आकडे वहीत लिहा. तुमच्या ट्रॅक्टरचं 'नेहमीचं' काय ते कळलं, की बिघाड लगेच लक्षात येईल.