सुडाला सूर देणारी दहा वर्षं

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ इटलीत डिसेंबर १९६६ मध्ये लागला. त्याला आता ६० वर्षं होतील. त्यावर लिहायचं मनात नव्हतं, पण अलीकडेच एक नवा सूडपट थिएटरात पाहिला आणि राहवेना. नायक दारातून आत येतो, ढोल. मागे वळून बघतो, ढोल. आईच्या प्रेताशेजारी बसतो, तेव्हाही ढोलच. बाहेर पडलो तेव्हा कान बधिर झाले होते आणि एकही सूर आठवत नव्हता. पडद्यावर लांब कोट होता, ओठांत चिरूट होता, बारीक केलेले डोळे होते. सगळी ऐट लिओनेच्या घरची. ती ऐट ज्या संगीतावर उभी होती, त्याचा मात्र पत्ता नव्हता.

१९६४ च्या आधीही इटलीत काउबॉयपट निघत होते. त्यांच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. मग लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला. गोष्ट जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून न विचारता उचललेली, त्यावरून कज्जाही झाला. मेक्सिको म्हणून दाखवलेला मुलूख स्पेनमधला. श्रेयनामावलीत लिओने झाला बॉब रॉबर्टसन आणि संगीतकार एन्निओ मॉरिकोने झाला डॅन सॅव्हिओ. दोघं रोममध्ये लहानपणी एकाच वर्गात होते. पैसा बेताचा, त्यामुळे हॉलिवूडसारखा भरगच्च वाद्यवृंद परवडणारा नव्हता. मॉरिकोनेने अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची शीळ घेतली, त्याचीच इलेक्ट्रिक गिटार घेतली, चाबकाचा फटकारा आणि घंटा घेतली. इटलीत तेव्हा संवाद आणि आवाज नंतर स्टुडिओत भरायची पद्धत होती. नट आपापल्या भाषेत बोलायचे, कॅमेरा फक्त चित्र टिपायचा. त्यामुळे ऐकू येणारा प्रत्येक आवाज कुणीतरी विचार करून तिथे ठेवलेला असायचा. बुटाची टाच, माशीची घोंघों, पवनचक्कीचं करकरणं. शांतताही तशीच, ठरवून ठेवलेली.

माझ्या मते सगळ्यात मोठी कामगिरी १९६५ च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मधल्या खिशातल्या घड्याळाची. झाकण उघडलं की त्यातून नाजूक धून वाजते. एल इंडिओ हा दरोडेखोर ती वाजवतो आणि समोरच्याला सांगतो, धून थांबली की पिस्तूल काढ. पहिल्यांदा ऐकताना तो क्रूर खेळ वाटतो. नंतर कळतं, घड्याळ त्याने एका मुलीकडून हिसकावलंय. तिच्यावर अत्याचार होत असताना तिने स्वतःला गोळी घालून घेतली होती. कर्नल मॉर्टिमर हा तिचा भाऊ. शेवटच्या द्वंद्वात घड्याळ मंदावत जातं, मॉर्टिमरचं पिस्तूल जमिनीवर पडलेलं आहे, आता संपलं असं वाटतं आणि तेवढ्यात तीच धून पुन्हा सुरू होते. क्लिंट ईस्टवूड दुसरं घड्याळ हातात धरून उभा असतो. मॉर्टिमरच्या तोंडून बहिणीबद्दल एक लांबलचक वाक्यही येत नाही. सगळं दुःख त्या चिमुकल्या धूनमध्ये आहे.

१९६८ चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ त्याही पुढे गेला. मॉरिकोनेने संगीत चित्रीकरणाआधीच तयार केलं आणि लिओने ते सेटवर वाजवायचा. नट त्या लयीत चालायचे. चार्ल्स ब्रॉन्सन बोलायच्या जागी माउथ ऑर्गन वाजवतो. तो बेसूर, घुसमटलेला आवाज आपण दोन-अडीच तास ऐकतो आणि मग त्याचं मूळ दिसतं. गळ्यात फास असलेला भाऊ पोराच्या खांद्यांवर उभा आहे आणि हेन्री फोंडा त्या पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. ऐकत होतो ते वाद्य नव्हतंच, गुदमरणाऱ्या पोराचा श्वास होता.

आमच्याकडे हे सिनेमे उशिरा आले. सत्तरच्या दशकात, कॉलेजात असताना, पुण्यात अलका थिएटरला पाहिले. अंधारात पहिली शीळ घुमली की पुढच्या रांगांतून शिट्ट्यांनी उत्तर जायचं. त्या वेळी फिल्म सोसायटीतल्या काही जाणत्यांनी आम्हाला फार हिणवलं. म्हणे, हे ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हणजे शेवयांचा माल, यात कसली कला? त्याच मंडळींना कुरोसावाला डोक्यावर घ्यायला हरकत नव्हती, पण त्याचीच गोष्ट धुळीने माखून आली की नाकं मुरडली जायची. यातले काही पुढे मॉरिकोनेवर व्याख्यानं देताना ऐकलेत. मला ते अजून विसरता आलेलं नाही.

१९७५ मध्ये ‘शोले’ आला तेव्हा आम्हाला ओळख लगेच पटली. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तेव्हा झोपाळ्याची करकर ऐकू येते, जय संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवतो. रमेश सिप्पी आणि राहुल देव बर्मन यांनी लिओनेच्या नुसत्या टोप्या उचलल्या नाहीत, आवाज कुठे थांबवायचा हेही उचललं.

तिकडे इटलीत तोवर आटोपत आलं होतं. १९७० च्या ‘ट्रिनिटी’पासून विनोदी मारामाऱ्यांची लाट आली आणि गल्ला तिकडे वळला. त्यानंतरच्या बहुतेक सिनेमांबद्दल न बोललेलं बरं.

मॉरिकोनेला स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं २०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, टॅरंटिनोच्या ‘द हेटफुल एट’साठी. लिओनेच्या एकाही सिनेमाच्या संगीताला नामांकनसुद्धा नव्हतं. २०२० मध्ये मॉरिकोने गेला आणि जगभरच्या दिग्दर्शकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. त्यांच्यापैकी, आणि आपल्याकडच्याही, एकाने तरी पुढचा सूडपट काढताना संगीतकाराला चित्रीकरणाआधी बोलवावं, गोष्ट सांगावी, आणि मेलेल्या माणसाची एक धून आधी मागून घ्यावी. ढोल नंतर बघता येतील.