जेवत नाही म्हणजे लहानपणी काहीतरी झालं असणार?

“तिच्या लहानपणी काहीतरी घडलेलं असणार. त्याशिवाय कोणी असं खाणंपिणं सोडतं का?” ॲनोरेक्सिया (खाणं तोडत वजन घातक पातळीपर्यंत उतरवत नेणं) किंवा बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर टाकणं) या आहारविकारांचा विषय निघाला की हे वाक्य कोणी ना कोणी बोलतंच. पूर्वी ते नातेवाइकांच्या कुजबुजीत ऐकू यायचं. आता ते मोबाइलवरच्या मिनिटभराच्या व्हिडिओंत मेंदूच्या रंगीत चित्रासकट येतं आणि ठासून सांगितलं जातं, की हा बघा बालपणीच्या आघाताचा व्रण, आहारविकाराचं मूळ इथेच. यात सत्याचा अंश आहे, म्हणून ते खोडून काढायला वेळ लागतो. पण ते पूर्ण सत्य म्हणून पसरवलं जातं आणि त्यापायी आजारी मुलींचे आणि मुलांचे महिनेच्या महिने वाया जातात, याची मला चीड येते.

आधी खरं काय ते. बालपणी झालेला छळ पुढे आहारविकाराची शक्यता वाढवतो. हा छळ लैंगिकच असतो असं नाही. मारहाण, रोजचा पाणउतारा आणि दुर्लक्षही त्यात येतं. नेदरलँड्समधल्या मार्क मोलेंडाइक आणि सहकाऱ्यांनी यावरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. १३ हजारांहून जास्त रुग्णांच्या या माहितीत बालपणीच्या छळाचं प्रमाण विकाराच्या प्रकारानुसार २१ ते ५९ टक्के होतं. निरोगी लोकांत ते १ ते ३५ टक्के होतं. छळ झालेल्यांमध्ये विकार कमी वयात सुरू होतो आणि जास्त तीव्र असतो, हेही त्यात आढळलं.

आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा. सगळ्यांत वरचा आकडा धरला तरी शंभरातल्या ४१ रुग्णांच्या बालपणात छळ आढळलेला नाही. खालचा धरला तर ७९ जणांच्या. शिवाय इतर मानसिक विकार असलेल्यांमध्येही हे प्रमाण ५ ते ४६ टक्के निघालं. म्हणजे छळाने मनाचे अनेक आजार बळावतात, आहारविकार त्यातला एक. आणि बालपणी छळ सोसलेल्या बहुतेक माणसांना आहारविकार कधीच होत नाही. धोका वाढवणारी गोष्ट आणि एकमेव कारण यांत फरक असतो. बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते हे सगळ्यांना कळतं, तरी कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या खिशात आपण बिडी शोधत नाही.

मग छळ नसताना विकार येतो कुठून? बराचसा वाटा आनुवंशिकतेचा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून ॲनोरेक्सियातला हा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो. २०१९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये १६,९९२ रुग्ण आणि ५५,५२५ निरोगी व्यक्ती यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. ॲनोरेक्सियाशी निगडित आठ जागा त्यात सापडल्या. त्यांचा संबंध मानसिक विकारांशी होताच, चयापचयाशीही होता. अशी जडणघडण असलेली मुलगी वयात येताना डाएट सुरू करते, किंवा एखाद्या आजारपणात तिचं वजन उतरतं, आणि तिथून ती परत फिरू शकत नाही. अशा मुलीला “आठव, नीट आठव” म्हणत बसण्याने काय साधणार?

आठवायला लावण्याचे परिणाम काय होतात, ते कॅलिफोर्नियातल्या रामोना खटल्यात जगाने पाहिलं आहे. बुलिमियासाठी मदत मागायला गेलेल्या एका महाविद्यालयीन मुलीच्या घरच्यांना थेरपिस्टने सांगितलं, की बुलिमियाच्या बहुतांश रुग्णांवर बालपणी लैंगिक अत्याचार झालेला असतो. पुढे तिला सोडियम अमायटल देऊन प्रश्न विचारले गेले आणि वडिलांवर आरोप झाला. या औषधाच्या अमलाखाली माणूस खरंच बोलतो असा समज होता, पण त्याला शास्त्रीय आधार नाही. उलट अशा अवस्थेत सुचवलेल्या गोष्टी आठवणींत मिसळतात. वडिलांनी थेरपिस्टांवर दावा लावला. १९९४ मध्ये नापा इथल्या ज्युरीने उपचार करणाऱ्यांनी खोट्या आठवणींना खतपाणी घातलं असं ठरवून पाच लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. मुलगी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. कुटुंब उद्ध्वस्त झालं.

याचा अर्थ मुली खोटं बोलतात असा कोणी काढू नये. मूल स्वतःहून सांगत असेल तर ते ऐकायलाच हवं, त्यावर विश्वास ठेवायला हवा. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकाने जागा मोकळी ठेवावी, शांतपणे विचारावं. उत्तर आधीच ठरवून मग ते रुग्णाच्या तोंडून वदवून घेऊ नये.

आता ते रंगीत चित्र. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचा मेंदू स्कॅनमध्ये वेगळा दिसतो हे खरं आहे. २०२२ मध्ये ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने ६८५ रुग्ण स्त्रिया आणि ९६३ निरोगी स्त्रिया यांचे स्कॅन तपासले. मेंदूच्या बाहेरच्या थराची, म्हणजे कॉर्टेक्सची जाडी रुग्णांमध्ये कमी होती. हा फरक इतर मानसिक विकारांत आढळणाऱ्या फरकाच्या दोन ते चार पट मोठा होता. व्हिडिओवाले इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच अभ्यासात पुढे असंही आहे, की ज्यांचं वजन काही अंशी भरून आलं होतं त्यांच्यात हा फरक बराच कमी होता. जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांनी तर त्याच रुग्णांचे उपचाराआधी आणि वजन वाढल्यावर असे दोन वेळा स्कॅन घेतले. साधारण तीन महिन्यांत कॉर्टेक्सची जाडी झपाट्याने परत येत होती. बालपण तेच होतं, बदललं होतं ते पोटात जाणारं अन्न. चित्रातला सगळ्यांत ठळक बदल उपासमारीचा आहे, आणि तो बालपणीच्या नावावर खपवला जातो.

उपासमार मनाचं काय करते हे १९४४-४५ मध्येच दिसलं होतं. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मनाने आणि शरीराने धडधाकट म्हणूनच ते निवडले गेले होते. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. ते पाककृती जमवू लागले, तासन्‌तास ताटावर बसू लागले, ताटं चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. एकाने कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली. ही सगळी वागणूक भुकेने घडवली होती. आज जेवणावरून आक्रस्ताळेपणा करणाऱ्या मुलीकडे बघून घरचे आणि शेजारचे जी अटकळ बांधतात, ती बांधण्याआधी हा प्रयोग वाचावा.

मग आघाताची शरीरात काहीच खूण नसते का? असते, पण ती सूक्ष्म असते. आपण उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी एकदम चढते. नेपल्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की बालपणी छळ न झालेल्या ॲनोरेक्सियाच्या रुग्णांत हा चढ निरोगी माणसांपेक्षाही जास्त असतो आणि छळ झालेल्यांत तो दबलेला असतो. आजाराचं नाव एकच, पण शरीराची ताणाला प्रतिसाद देण्याची तऱ्हा दोन प्रकारची. अमेरिकेतले मार्टिन टायकर आणि जॅकलीन सॅमसन यांनी २०१३ मध्ये मांडलं होतं, की मानसिक विकारांत छळाची पार्श्वभूमी असलेले रुग्ण हा वेगळा उपगट मानावा, कारण त्यांचा आजार लवकर सुरू होतो, अधिक तीव्र असतो आणि नेहमीच्या उपचारांना कमी दाद देतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कोणाच्या बालपणात आघात आहे हे जाणून घ्यायचं ते यासाठी, की तिच्या उपचारात आघातावरचं कामही जोडता यावं. मात्र हे सगळे गटांचे सरासरी फरक आहेत. एका मुलीचा एमआरआय बघून तिचं बालपण कसं गेलं हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तसा दावा करून कोणी स्कॅनचे पैसे मागत असेल तर उठून निघून यावं.

या गैरसमजाने आईवडिलांचं जे होतं त्याबद्दल कोणी बोलत नाही. ‘घरात काहीतरी झालं असणार’ हे ऐकून आई खचते, वडील चिडून उपचारच थांबवतात. वास्तविक किशोरवयीन रुग्णांसाठी सर्वांत चांगला पुरावा असलेली पद्धत आईवडिलांच्या हातीच जेवणाची सूत्रं देते. तिची सुरुवात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात झाली. अर्थात छळ घरातल्याच माणसाने केला असेल तर ही पद्धत तशीच वापरता येत नाही.

काही लहान गैरसमज भराभर. हा फक्त मुलींचा आजार नाही: २००७ च्या अमेरिकी पाहणीत बिंज इटिंग या ताबा सुटून खात राहण्याच्या विकाराचं प्रमाण स्त्रियांत ३.५ टक्के होतं, तर पुरुषांत २ टक्के. आपल्याकडे हे नसतं म्हणणाऱ्यांनी २०१२ चं बंगळुरूचं सर्वेक्षण बघावं: ६६ मानसोपचारतज्ज्ञांपैकी दोन तृतीयांशांनी असा किमान एक तरी रुग्ण पाहिला होता. वजन बरं आहे म्हणजे आजार नाही, हेही चूक. बुलिमियाचे बहुतेक रुग्ण बारीक नसतात. जाड होण्याची भीती बोलून दाखवली नाही तरी ॲनोरेक्सिया असू शकतो. भारतातले आणि हाँगकाँगमधले कित्येक रुग्ण फक्त पोट गच्च वाटतं, भूक नाही, एवढंच सांगतात. यातून कोणी बरं होत नाही, हा समज बॉस्टनच्या अभ्यासाने २०१७ मध्ये खोडला: २२ वर्षांनंतर ॲनोरेक्सियाचे सुमारे ६३ टक्के आणि बुलिमियाचे ६८ टक्के रुग्ण बरे झालेले होते.

आणि शेवटचा, सगळ्यांत धोक्याचा: उपासमार हेच दुखणं असेल तर उद्यापासून भरपूर खाऊ घालू. वजन फार उतरलेल्या शरीरात एकदम जास्त अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ताच्या तपासण्या करत, आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. कुठे जायचं हे कळत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.