थोड्या धावा, पण राखण पक्की

सभासद बंधूंनो, २२ मार्च १९८५ रोजी शारजात इम्रान खानने १४ धावांत ६ गडी बाद केले अन् भारताचा डाव १२५ धावांत आटोपला. अझरुद्दीनच्या ४७ आणि कपिलच्या ३० सोडल्या, तर बाकी ठणठणाट! सामना गेलाच, असे कुणालाही वाटावे. पण आपल्या गड्यांनी पाकिस्तानला ८७ धावांतच गुंडाळले. कपिलने ३ बळी घेतले, गावसकरांनी ४ झेल टिपले.

आम्ही म्हणतो, धावा थोड्या असल्या की झेल सोडणे परवडत नाही. उसाचेही तसेच. वैनगंगाकाठी एखाद्या साली टनेज कमी भरले, तरी तोडलेला ऊस फडात वाळू देऊ नका. ताज्या उसाचा उतारा टिकतो, अन् भाव उताऱ्याशीच बांधलेला असतो.