व्हीजेटीआय की सीओईपी? यादीत आधी काय लिहायचं?

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे पर्सेंटाइल हातात येतात, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपासून वांगणीपर्यंतच्या काही घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलगी हुशार आहे, इंजिनिअर व्हायचं म्हणते. मग मुंबईचं व्हीजेटीआय की पुण्याचं सीओईपी? आज आपण या प्रश्नाची नीट फोड करू. ज्यांच्या मुली अजून नववी-दहावीत आहेत, त्यांनीही ऐकावं. यातली निम्मी तयारी आधीच करायची असते.

आधी या दोन संस्थांची ओळख. सीओईपी म्हणजे पुण्यात शिवाजीनगरला असलेलं इंजिनिअरिंग कॉलेज. ते १८५४ साली सुरू झालं. सर विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. २०२२ साली त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. व्हीजेटीआय सुरू झालं १८८७ साली, मुंबईत कापड गिरण्या भरभराटीला येत होत्या त्या काळात. पहिल्यांदा ते भायखळ्याला होतं, १९२३ साली माटुंग्याला गेलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया राणीचं होतं, १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचं आहे. दोन्हीकडे बहुतेक नावाजलेल्या खासगी कॉलेजांपेक्षा फी कमी, आणि दोन्हीकडे मोठ्या कंपन्या नोकरी द्यायला येतात. कोण वरचढ यावर तिथे शिकलेली मुलं वर्षानुवर्षं वाद घालतात. आपण त्या वादात पडायला नको. दोन्ही नावं भारी आहेत. आपल्या घरासाठी फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी.

पहिली गोष्ट म्हणजे अर्ज चालतो कसा. राज्याच्या सीईटी कक्षाकडून प्रवेशाच्या फेऱ्या होतात. त्यात पसंतीक्रमाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. या अर्जात नुसतं कॉलेज निवडत नाहीत. कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो. म्हणजे ‘सीओईपी कॉम्प्युटर’ हा एक पर्याय, ‘व्हीजेटीआय कॉम्प्युटर’ हा दुसरा, ‘व्हीजेटीआय इलेक्ट्रिकल’ हा तिसरा. त्यामुळे एका कॉलेजच्या सगळ्या शाखा आधी आणि दुसऱ्याच्या नंतर, असं लिहायची गरज नाही. आलटून पालटून लिहिता येतं.

संगणक मुलीची यादी वरून खाली वाचत जातो. तिच्या गुणवत्ता क्रमांकाला ज्या पहिल्या पर्यायावर जागा बसते, ती तिला देतो. पुष्कळ घरांत एक भीती असते, की अवघड पर्याय वर लिहिला तर खालचा हातचा जाईल. तसं होत नाही. वरचा पर्याय मिळाला नाही तर खालच्यावर तिचा हक्क तितकाच राहतो, कारण जागा गुणवत्ता क्रमांकाने मिळते, आधी कोणाचं नाव लिहिलं यावर नाही. उलट नुकसान दुसऱ्या बाजूने होतं. ‘हे नक्की मिळेल’ म्हणून नको असलेला पर्याय पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि पहिल्या फेरीत तोच मिळाला, तर ती जागा पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत तिला बदल करता येत नाही. नंतरच्या फेऱ्यांत कितव्या क्रमांकापर्यंतचा पर्याय असा पक्का होतो, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका मुलीने स्वतः वाचावी.

दुसरी गोष्ट शाखेची. दोन्ही कॉलेजांत कॉम्प्युटरला खुल्या गटातून ९९ च्या वर पर्सेंटाइल लागतात. म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतल्या ९९ जणांच्या पुढे. तेवढे नसतील तरी दार बंद होत नाही. सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल दोन्हीकडे आहे. कापड तंत्रज्ञान शिकायचं तर व्हीजेटीआय. धातुशास्त्र किंवा इन्स्ट्रुमेंटेशन हवं तर सीओईपी. आणि अंबरनाथ-बदलापूरचे केमिकलचे कारखाने बघत वाढलेल्या मुलीला रसायनाचीच गोडी असेल, तर १९३३ साली सुरू झालेली आयसीटी, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, माटुंग्यालाच आहे, तिचाही विचार करावा. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. मागच्या वर्षी कोणत्या शाखेला कितीवर प्रवेश थांबला याची यादी सीईटी कक्ष प्रसिद्ध करतो. ती बघताना मुलींच्या जागांची ओळ वेगळी बघा.

तिसरी गोष्ट रोजच्या जाण्यायेण्याची. ‘व्हीजेटीआय बरं, घरून जाता येईल,’ असं आपण पटकन म्हणतो. हिशेब मांडू या. बदलापूर ते दादर सुमारे ६० किलोमीटर. जलद लोकलने सव्वा तासाच्या आसपास. त्यात घर ते स्टेशन, गाडीची वाट, दादरहून कॉलेज हे मिळवा. एका बाजूला दोन तास सहज होतात. दिवसाचे चार. वर्षाला कॉलेजचे २०० दिवस धरले तर ८०० तास जाण्यायेण्यात. सकाळच्या लोकलची गर्दी तर आपण सगळ्या जाणतो. बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथच्या बायका आधी उलट बदलापूरला जातात. गावातून रिक्षा धरून स्टेशन गाठणारीचा वेळ आणखी वाढतो.

आणि एक गोष्ट आपण हिशेबात धरतच नाही. घरून ये-जा करणारा मुलगा रात्री आठला आला की त्याला ताट वाढून मिळतं. मुलगी आठला आली की पोळ्यांना हात लावते. सकाळचा डबा, पाणी भरणं, धाकट्याचा अभ्यास, पाहुणे. घरी राहणं स्वस्त पडतं खरं, पण ते कोणाच्या झोपेतून आणि अभ्यासातून स्वस्त पडतं, हे विचारायला हवं. व्हीजेटीआय घरून करायचं ठरलं, तर चार वर्षं तिच्या वाटचं काम कोण करणार, हे प्रवेशाआधीच घरात बोलून घ्या. भावाला सांगा, वडिलांना सांगा. आणि तिथल्या वसतिगृहाची चौकशीही करून ठेवा.

पुण्याला गेली तर वसतिगृहात राहायचं. वर्ग चालत जाण्याच्या अंतरावर, रात्री वाचनालय, मैत्रिणींबरोबर अभ्यास. कल्याणहून पुण्याच्या गाड्या मिळतात, सणावाराला घरी येता येतं. पण मुलगी नजरेआड राहणार, ही काळजी खरी आहे. ती ‘लोक काय म्हणतील’ यावर सोडवू नका. वसतिगृह प्रत्यक्ष बघून या. रेक्टर कोण, दार किती वाजता बंद होतं, आजारपणात काय सोय, हे विचारा. खोली मिळेलच असं धरून चालू नका. नाही मिळाली तर बाहेर राहण्याचा खर्चही काढून ठेवा.

चौथी गोष्ट पैशाची. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत. पण वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे या माफीत येत नाही. पुण्याचा खर्च वाढतो तो इथेच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलामुलींसाठी स्वयंम अशा योजना आहेत. त्यातली कोणती लागू होते ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. हे पैसे मात्र उशिरा येतात. पहिल्या काही महिन्यांची सोय हाताशी लागते. गटाचं अंतर्गत कर्ज इथे कामाला येतं.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस. जात वैधतेला महिने लागू शकतात. अकरावीतच अर्ज टाका. कागद नसेल तर मुलगी खुल्या गटात मोजली जाते, आणि ९७-९८ वाल्या मुलीची हातात आलेली जागा जाते.

शेवटी यादी कोणी करायची? मुलीने. तिने आधी एकटीने बसून पर्याय कागदावर लिहावेत. मग आई-वडिलांनी प्रत्येकाला ‘का’ विचारावं. तिचं उत्तर पटलं नाही तर बोलावं, पण पेन तिच्याच हातात राहू द्यावं. चार वर्षं ते विषय तिला शिकायचे आहेत. यादी कायम करण्याआधी मोठ्याने एकदा वाचा आणि प्रत्येक ओळीला विचारा, ‘वरचं काहीच मिळालं नाही आणि हे मिळालं, तर जाशील ना?’ उत्तर ‘नाही’ आलं तर ती ओळ खोडा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करू या. कोणाकोणाच्या मुली अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत आहेत त्यांची नावं लिहू. कोणाचा कोणता दाखला बाकी आहे ते बघू. आणि आपल्या भागातून या कॉलेजांत गेलेली एखादी मुलगी असेल तर तिला बोलावू. ती सांगेल ते पुस्तिकेत सापडत नाही.