संकेतस्थळाचीही दिनचर्या असते

चिकित्सालयाचे संकेतस्थळ एकदा तयार करून घेतले की आपले कर्तव्य संपले, अशी अनेक वर्षे आमचीही समजूत होती. ती एका रुग्णाने दूर केली. २०१५ साली आम्ही सांगलीतील आमचे चिकित्सालय जुन्या बाजारपेठेतील दुसऱ्या मजल्यावरून नव्या वसाहतीत, तळमजल्यावर हलविले. पाटी बदलली, लेटरहेड बदलले, नेहमीच्या रुग्णांना कळविले. संकेतस्थळ मात्र कोणाच्या स्मरणातही राहिले नाही. काही महिन्यांनी जत तालुक्यातील एक गृहस्थ संधिगत वाताने पीडित असलेल्या आपल्या वृद्ध मातोश्रींना घेऊन आले. ते प्रथम जुन्या जागी गेले होते. गुडघे धरून आईने दोन जिने चढल्यावर समोर कुलूप दिसले. दिलेला दूरध्वनी क्रमांकही बंद झालेला. “डॉक्टर, पत्ता तुमच्याच साइटवर होता,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य मनाला अधिक लागले.

त्यानंतर आम्ही या विषयात लक्ष घातले. जे शिकलो ते बहुतांशी स्वतःच्या चुकांमधून शिकलो. ते वैद्यबंधुभगिनी आणि औषधालयांचे मालक यांच्यापुढे ठेवणे उपयुक्त ठरेल, असे वाटते.

शोधयंत्र काय वाचते?

गुगलसारखे शोधयंत्र मुख्यतः तीन कामे करते. क्रॉलर नावाची त्याची आज्ञावली एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचते. वाचलेल्या मजकुराची सूची करते. आणि कोणी काही विचारले असता त्या सूचीतील योग्य पाने क्रमाने पुढे ठेवते. जे पान वाचताच येत नाही त्याची सूचीत नोंद होत नाही, आणि नोंदच नसेल तर क्रमांकाचा प्रश्नच उद्भवत नाही. संप्राप्ती जाणल्याखेरीज चिकित्सा करू नये, हा आपला नियम येथेही लागू पडतो.

आमच्या संकेतस्थळाची संप्राप्ती पाहिली तेव्हा पहिला दोष अक्षरांतच सापडला. २००८ साली तयार झालेली आमची मराठी पाने डीटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेली होती. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, परंतु संगणकात रोमन अक्षरे व चिन्हेच साठविलेली असतात. ज्याच्या संगणकात तो फॉन्ट नाही त्याला निरर्थक अक्षरे दिसतात आणि शोधयंत्रही तीच वाचते. पथ्यापथ्याचे तक्ते तर आम्ही स्कॅन करून चित्ररूपाने चढविले होते. मोठ्या परिश्रमाने लिहिलेला आमचा मराठी मजकूर आठ वर्षे शोधणाऱ्याच्या दृष्टीने नव्हताच. २०१६ साली तो सर्व युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करून घेतला. ज्यांची पाने अद्याप जुन्या फॉन्टमध्ये वा चित्ररूपात आहेत, त्यांनी अन्य कोणत्याही उपायापूर्वी हे काम करावे.

दुसरा दोष नव्या संकेतस्थळात निघाला. दोन महिने झाले तरी त्याचे एकही पान गुगलमध्ये दिसेना. अखेरीस गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात नोंदणी केली, तेव्हा कारण कळले. काम चालू असताना अपुरी पाने लोकांना दिसू नयेत म्हणून सूचीत नोंद न करण्याची आज्ञा घातलेली होती आणि काम पूर्ण झाल्यावर ती काढण्याचे राहून गेले होते. एक खूण पुसताच काही दिवसांत पाने दिसू लागली. सर्व पानांची यादी असलेली ‘साइटमॅप’ नावाची धारिका याच साधनातून शोधयंत्रास सादर करता येते. संकेतस्थळ कोणीही तयार केलेले असो, सर्च कन्सोलचा प्रवेश वैद्याच्या स्वतःच्या ई-मेलवर असावा.

रुग्णाची भाषा, वैद्याची भाषा

आपण ‘अर्श’ लिहितो, रुग्ण ‘मूळव्याध’ शोधतो. आपण ‘परिकर्तिका’ लिहितो, तो ‘फिशर’ टंकतो. आपण ‘अम्लपित्त’ म्हणतो, त्याच्या छातीत ‘जळजळ’ होत असते. शास्त्रीय संज्ञा सोडण्याचे कारण नाही. मात्र तिच्याशेजारी रुग्णाचा शब्द असलाच पाहिजे. प्रत्येक विषयास स्वतंत्र पान द्यावे आणि पानाच्या शीर्षकात विषय व गाव यांचा स्पष्ट उल्लेख करावा. सर्व पानांना ‘स्वागत आहे’ हेच शीर्षक देण्याची पद्धत निरुपयोगी आहे. शीर्षकाखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णनही प्रत्येक पानासाठी निराळे लिहावे. पानाच्या अंतर्भागात शंभर शब्दांची ‘कीवर्ड’ यादी भरण्याची जुनी युक्ती मात्र व्यर्थ आहे. गुगल ती विचारात घेत नाही, हे त्या कंपनीने २००९ सालीच जाहीर केले आहे.

औषधालयांच्या मालकांनी प्रत्येक कल्पाला स्वतंत्र पान द्यावे. त्यात ग्रंथाधार, घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि उपलब्ध परिमाण ही माहिती असावी. संपलेले औषध ‘उपलब्ध’ दिसत असेल तर ग्राहक एकदाच येतो.

पहिल्या क्रमांकाचे आमिष

तिसरी चूक सर्वांत गंभीर होती. २०१८ साली ‘तीन महिन्यांत पहिला क्रमांक’ असे आश्वासन देणाऱ्या एका व्यावसायिकाकडे आम्ही संकेतस्थळ सोपविले. काय लिहिले जात आहे हे पाहण्याची तसदी घेतली नाही. पुढे एक मधुमेही रुग्ण मोबाइलवर आमचेच पान उघडून समोर बसला. ‘मधुमेह मुळापासून बरा, हमखास’ असा मथळा आणि त्याखाली आमचे नाव व नोंदणी क्रमांक! “इन्सुलिन आजपासून बंद करू ना?” असे त्याने विचारले. तो विचारावयास आला हे आमचे भाग्य. न विचारता ज्यांनी बंद केले असेल, त्यांचा विचार आजही अस्वस्थ करतो. ती पाने आम्ही त्याच रात्री काढून टाकली आणि तो करार संपविला.

१९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, अपस्मार आदी व्याधी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्या कायद्याने निषिद्ध आहे. जाहिरातीची त्यातील व्याख्या व्यापक असल्याने संकेतस्थळ तीतून सुटते असे कोणी मानू नये. शिवाय पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. आरोग्यविषयक पानांच्या बाबतीत ते विशेष काटेकोर असते. मजकूर कोणी लिहिला, त्याची अर्हता काय, हे स्पष्ट असावे अशी अपेक्षा असते. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर शोधयंत्रालाही आप्तवचनच हवे आहे. म्हणून प्रत्येक लेखाखाली वैद्याचे नाव, पदवी आणि लेख तपासल्याचा दिनांक द्यावा. आणि आपल्या नावावर जाणारे एकही वाक्य न वाचता प्रसिद्ध होऊ देऊ नये.

नित्य परिचर्या

आमच्याकडे आता पुढील क्रम पाळला जातो.

आठवड्यातून एकदा: पत्ता, वेळ, दूरध्वनी आणि सुट्ट्या तपासणे. हाच तपशील २०२१ पर्यंत ‘गुगल माय बिझनेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’वरही जुळता ठेवणे, कारण नकाशावर तोच दिसतो.

महिन्यातून एकदा: सर्च कन्सोलमधील त्रुटी व लोकांनी वापरलेले शोधशब्द पाहणे, तुटलेले दुवे दुरुस्त करणे, संपूर्ण संकेतस्थळाची प्रत स्वतःकडे उतरवून घेणे, पाने साध्या मोबाइलवर उघडून पाहणे, कारण गुगल आता मोबाइलवरील आवृत्तीच प्रमुख मानते.

ऋतुगणिक: वसंतात वमन, वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन व रक्तमोक्षण यांविषयीची पाने आधीच वाचून अद्ययावत करणे.

वर्षातून एकदा: डोमेन व होस्टिंग यांचे नूतनीकरण. डोमेन स्वतःच्या नावावर आहे याची खात्री प्रत्येकाने आजच करावी. पत्ता बदलल्यास जुन्या पानावरून नव्या पानाकडे आपोआप जाण्याची सोय करावी, म्हणजे जुने दुवे वाया जात नाहीत.

या सर्वास आठवड्याला अर्धा तास पुरतो. आमची एक परिचारिका हे काम उत्तम करते. मजकुराचे उत्तरदायित्व मात्र आम्ही कोणाकडे सोपविलेले नाही.

‘मधुमेह’ हा शब्द शोधणाऱ्यास आजही आमचे पान प्रारंभी दिसत नाही, आणि त्याचा आम्हांस खेद नाही. आमच्या गावात पंचकर्म कोठे होते, असे विचारणाऱ्यास खरी माहिती आणि योग्य पत्ता मिळतो. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी वाचकांनीही आपले संकेतस्थळ एकदा उघडावे, तेथील दूरध्वनी क्रमांक स्वतः फिरवून पाहावा आणि आपल्या नावाखाली काय लिहिले आहे ते सावकाश वाचावे.