चीन : पडदा आणि वास्तव
लेखांक ७ : शहर बांधणारे बाहेरचे

गेल्या आठवड्यात आपण शेनझेनचे कारखाने पाहिले. तिथे राबणारी माणसं वर्षानुवर्षं शहरात राहूनही बाहेरचीच का ठरतात, ते आज पाहू.

याचं मूळ ‘हुकौ’ या कुटुंबनोंदणीत आहे. १९५८ च्या नियमांनी प्रत्येक माणसाची नोंद त्याच्या गावाशी किंवा शहराशी बांधून टाकली. १९७८ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, कारखान्यांना माणसं हवी होती, तेव्हा गावकऱ्यांना शहराची वाट मोकळी झाली. नोंद मात्र गावातच राहिली. मुलांची शाळा, उपचार, निवृत्तिवेतन हे सगळं त्या नोंदीवर अवलंबून. कागदपत्रं नसतील तर पोलीस पकडून गावी धाडत. २००३ मध्ये ग्वांगझौ इथे अशा स्थानबद्धतेत एका तरुणाचा मारहाणीने मृत्यू झाला. देशभर संताप उसळला आणि सरकारने ती पद्धत रद्द केली. पुढे लहान शहरांनी नोंदणीचे नियम सैल केले, पण बीजिंग-शांघायचे दरवाजे आजही जड आहेत. स्थलांतरित कामगारांची संख्या आता ३० कोटींच्या घरात आहे. त्यांची कोट्यवधी मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढतात.

ही माणसं ओळखायची असतील तर जिया झांगके या दिग्दर्शकाचा ‘स्टिल लाइफ’ पाहावा. २००६ मध्ये त्याला व्हेनिसचा ‘सुवर्णसिंह’ मिळाला. शान्शी प्रांतातला खाणकामगार सानमिंग सोळा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या बायकोला शोधत यांगत्झेकाठच्या फेंगजिएला येतो. मोटारसायकलवाला त्याला दिलेल्या पत्त्यावर नेतो, तर समोर नुसतं पाणी. ‘थ्री गॉर्जेस’ धरणात ती वस्ती बुडालेली असते. या धरणाने बारा लाखांहून अधिक लोकांना विस्थापित केलं. सानमिंग तिथेच पाडकामावर लागतो आणि हातोड्याने शहराच्या भिंती फोडू लागतो. त्याची भूमिका करणारा हान सानमिंग हा दिग्दर्शकाचा भाऊबंद, आणि स्वतः खाणीत काम केलेला.

एका प्रसंगात मजूर आपापलं गाव नोटेवर दाखवतात. दहा युआनच्या नोटेवर फेंगजिएजवळची घळ, तर पन्नासच्या जुन्या नोटेवर सानमिंगच्या मुलखातला, पीत नदीवरचा धबधबा. ज्यांच्या मुलखाचं चित्र देशाने चलनावर छापलं, त्यांनाच पोटासाठी तो मुलूख सोडावा लागतो. शेवटी पाडकामावरचे सोबती जास्त मजुरीसाठी सानमिंगबरोबर खाणीत जायला निघतात. तिथे जीव जातो, हे तो त्यांना आधीच सांगतो. तरीही ते तयार होतात.

चीनची प्रगती खरी आहे; कोट्यवधी कुटुंबं याच मजुरीवर गरिबीतून वर आली. म्हणूनच तिची किंमत कोणी मोजली, हे विचारायला हवं. ज्याने शहर बांधलं, त्याच्या मुलाला त्याच शहरातल्या शाळेत जागा मिळणं हा उपकार नव्हे, तो हक्क आहे.

पुढच्या आठवड्यात : वसंतोत्सवात गावी परतणाऱ्यांची रेल्वे आणि ‘लास्ट ट्रेन होम’ हा माहितीपट.